दोन ग्राफिक्स कार्डांच्या पीसीला एसएमपीएस कितीचा घ्यायचा

कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन नुसतं म्हणा, दोन ग्राफिक्स कार्डं लावायचीत, एसएमपीएस कितीचा लागंल, की समोरून उत्तर येतंय, "हजारचा टाका की, काय टेन्शन नाय." एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा आणि हजार म्हणजे त्याचे वॅट. एनव्हीडियाची दोन लहान ३०६० कार्डं लावणाऱ्यालाही हजार आणि दोन दांडगी ४०९० लावणाऱ्यालाही हजार. पहिल्याचे पैसे उगाच जातात आणि दुसऱ्याचा पीसी पहिल्याच रेंडरला मान टाकतो. मी तर त्याच्याही पुढचा, जुना ८५० वॅटचा घरात होता म्हणून त्याच्यावरच दोन ३०९० चढवली. एक कार्ड वापरात होतं तोवर सगळं मस्त, आणि ब्लेंडरला (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) दोन्ही कार्डं सिलेक्ट करून रेंडर, म्हणजे तयार चित्र काढायचं बटण, दाबला की दोन मिनिटांत टक्, अंधार. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय परत सुरूही होईना. मी आधी रॅमवर संशय घेतला, मग एकाला दाखवलं तर त्यानं विंडोज फॉरमॅट मारून पैसे घेतले आणि पीसी घरी आणल्यावर परत तेच. शेवटी कागद-पेन घेऊन बेरीज केली तेव्हा कळलं, आणि ती बेरीज दहा मिनिटांची होती. ती कशी करायची तेच इथं सांगतोय, नवीन असाल तर ओळीनं वाचत या.

पण त्याआधी एक विचारतो, राग मानू नका. दुसरं कार्ड पाहिजे कशाला? गेमिंगसाठी म्हणत असाल तर तो नाद सोडा. दोन कार्डं जोडून गेम पळवायचा एसएलआयचा जमाना संपला, एनव्हीडियानं जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी नवीन एसएलआय प्रोफाइल देणंच बंद केलं आणि ४०९० ला तर दोन कार्डं जोडणारी एनव्हीलिंकची पट्टी लावायला जागाच नाही. दुसरं कार्ड कामाला येतं ते ब्लेंडरच्या सायकल्स नावाच्या इंजिनमध्ये रेंडरला, घरच्या घरी एआय मॉडेल चालवायला (दोन ३०९० म्हणजे २४ अधिक २४, एकूण ४८ जीबी मेमरी), नाहीतर व्हिडिओच्या कामाला. त्यातही दाविंची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन एकच कार्ड वापरतं, दोन्ही वापरायची तर स्टुडिओ व्हर्जन विकत घ्यावं लागतंय. आमचा एक दोस्त लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो, त्यानं आधी कार्ड घेतलं आणि मग हे वाचलं.

तर गरज खरी आहे असं धरून पुढं जातो.

आधी बेरीज

कागदावर चार ओळी लिहा. पहिल्या ओळीत कार्ड एक, दुसऱ्या ओळीत कार्ड दोन, तिसऱ्या ओळीत प्रोसेसर, चौथ्या ओळीत बाकी सगळं.

कार्डाचा आकडा कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये मिळतो. ३०६० चा १७०, ४०६० टीआयचा १६ जीबीवाला १६५, ३०९० चा ३५०, ४०९० चा ४५० आणि ५०९० चा ५७५ वॅट. हे एनव्हीडियाचे मूळ आकडे झाले, ओव्हरक्लॉक करून, म्हणजे वेग वाढवून, येणारी कार्डं याच्या वर जातात म्हणून आपल्या नेमक्या मॉडेलचं पान उघडून बघा. तिथंच खाली "रेकमेंडेड पॉवर सप्लाय ७५० वॅट" असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते बघून दोननं गुणू नका, तो आकडा पूर्ण पीसीचा असतो आणि एकाच कार्डाचा असतो.

प्रोसेसरमध्ये लोक फसतात. बॉक्सवर ६५ वॅट लिहिलंय म्हणून ६५ धरतात. इंटेलचा आय५-१२४०० बॉक्सवर ६५ आहे पण टर्बोला, म्हणजे फुल जोरात पळताना, ११७ पर्यंत जातो, आय७-१३७००के १२५ चा म्हणून विकला जातो आणि २५३ ओढतो. एएमडीचंही तसंच, रायझन ९ ५९५०एक्स १०५ चा म्हणतात, खरी मर्यादा १४२. ७९५०एक्स १७० चा, खरा २३०. कागदावर नेहमी मोठा आकडा लिहायचा.

बाकी सगळं म्हणजे मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, लिक्विड कूलर असेल तर त्याचा पंप, याला ७० ते १०० धरा, बास. इथं डोकं घालवू नका.

आता माझीच बेरीज (दोन ३०९०, ५९५०एक्स आणि बाकी सगळं): ३५० अधिक ३५० अधिक १४२ अधिक ९०, झाले ९३२. आणि मी हे ८५० वर चालवत होतो! दोन ३०६० आणि आय५-१२४०० वाल्याची बेरीज ५२७ च्या आसपास येते. दोन ४०९० आणि ७९५०एक्स असला तर १२३०.

या बेरजेवर पाव भाग चढवा, म्हणजे सव्वापट. ५२७ चे होतात साधारण ६६०, तर चांगला ७५० वॅटचा घ्या. ९३२ चे ११६५, तर १२०० चा. १२३० चे जवळजवळ १५४०, तर १६०० चा, आणि तिथं मग इतरही भानगडी सुरू होतात त्या पुढं सांगतो.

सव्वापट कशाला

शेतात पाच एचपीची मोटार ज्यानं चालवलीय त्याला हे सांगायची गरज नाही. मोटार चालू असताना जेवढा करंट घेते त्याच्या पाच-सहापट करंट ती सुरू होताना क्षणभर ओढते, म्हणून तर मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात, आणि फ्यूज नुसत्या चालू करंटचा हिशेब करून टाकला तर बटण दाबलं की उडालाच. ग्राफिक्स कार्डाचं दुखणं त्याच जातीचं आहे, फक्त मोटार एकदा झटका देते आणि कार्ड काम चालू असताना सारखे झटके देत राहतं. ३५० वॅटचं कार्ड म्हणजे सरासरी ३५०, मधे मधे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं ते त्याच्या बरंच वर उडी मारतं आणि परत खाली येतं. सॉफ्टवेअरमध्ये ही उडी दिसत नाही कारण सॉफ्टवेअर एवढ्या पटापट मोजतच नाही, पण एसएमपीएसच्या आतल्या प्रोटेक्शन सर्किटला ती दिसते, आणि त्याला वाटतं शॉर्ट झालंय, की तो सगळं बंद करून टाकतो. माझ्याकडं झालं ते हेच. दोन कार्डांच्या उड्या एकाच वेळी आल्या की संपलं.

म्हणून नवीन घेत असाल तर बॉक्सवर एटीएक्स ३.० नाहीतर ३.१ लिहिलंय का बघा. हे २०२२ पासूनचं स्टँडर्ड आहे, त्यात ४५० वॅटच्या वरच्या सप्लायनं आपल्या रेटिंगच्या दुप्पट उडी १०० मायक्रोसेकंदांपुरती सोसायची असं ठरवलेलं आहे. जुन्या स्टँडर्डचा चांगल्या कंपनीचा सप्लाय वाईट नसतो, पण मग सव्वापटीच्या ऐवजी दीडपटीचा हिशेब करा.

आणि बजेटच नसेल तर? तर कार्डांना लगाम घाला. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पॉवर लिमिटची पट्टी असते, ३०९० ची ती ८० टक्क्यांवर ओढली की ३५० चे २८० होतात आणि रेंडरला वेळ थोडासाच जास्त लागतो, कारण शेवटचे साठ-सत्तर वॅट कार्ड नुसतं तापायलाच खात असतं. लिनक्सवाल्यांना एनव्हीडिया-एसएमआयच्या एका कमांडमध्ये हेच करता येतं. दोन्ही कार्डं २८० वर ठेवली की माझी बेरीज ९३२ वरून ७९२ वर आली आणि हजारच्या सप्लायमध्ये काम भागलं. मी आजही असंच चालवतोय. फक्त लक्षात ठेवा, विंडोज नवीन टाकलं की ती सेटिंग गेलेली असते, आणि आफ्टरबर्नर पीसीबरोबर आपोआप सुरू व्हायला टिक मारायला विसरू नका.

लेबल वाचायला शिका

बॉक्सवरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेलं लेबल बघा. त्यात +१२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. त्याला १२ नं गुणा. खऱ्या हजार वॅटच्या सप्लायला तिथं ८३ अँपिअर दिसतील, म्हणजे जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर, आणि कार्डं-प्रोसेसर तिथूनच खातात. बाहेर "५०० वॅट" छापलेलं आणि आत १२ व्होल्टला १५ अँपिअर, म्हणजे १८० वॅट, असले डबे साध्या ऑफिसच्या पीसीला चालून जातात, त्यांना कार्डाच्या आसपास फिरकू देऊ नका. हातात घेऊन वजन बघा म्हणतात ते अगदीच खोटं नाही, पण लेबल वाचणं त्याहून सोपं आहे.

८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड, प्लॅटिनम ही विजेच्या बचतीची पदवी आहे, मजबुतीची नाही. दोन कार्डांच्या पीसीला गोल्ड घ्या, कारण तो तासनतास लोडवर राहणार आणि वाया गेलेली वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन बसणार. टायटॅनियमसाठी जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही. वॉरंटी मात्र बघा, चांगल्या मॉडेलना सात वर्षं, दहा वर्षं मिळते, आणि जी कंपनी दहा वर्षं लिहून देते तिनं आत कपॅसिटर बरे टाकलेले असतात. कोर्सेअरची आरएमएक्स, सीसॉनिकची फोकस आणि प्राइम या सीरिज बघायला सुरुवात करायला ठीक आहेत.

सेकंडहँडबद्दल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि मायनिंगचा माल बाजारात ओतला गेला, अजून फिरतोय. त्यातलं कार्ड एखादवेळेस मी घेईन, एसएमपीएस घेणार नाही. दोन वर्षं रात्रंदिवस फुल लोडवर चाललेला सप्लाय स्वस्त मिळाला म्हणून त्याच्यावर लाखाची कार्डं टांगायची म्हणजे अवघड आहे.

केबल मोजा, वॅट नंतर

ही पायरी सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून सावकाश वाचा.

कार्डाला वीज दोन वाटांनी येते. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट आणि उरलेली वरच्या पिनांच्या केबलमधून. सहा पिनांची केबल ७५ ची, आठ पिनांची १५०, आणि नवीन बारा अधिक चार पिनांची ६०० पर्यंत. आता काही ३०९० ना आठ पिनांची तीन भोकं असतात, दोन कार्डं म्हणजे सहा. तुमच्या एसएमपीएसमधून आठ पिनांच्या सहा केबल निघतात का? बॉक्सवर "६ पीसीआयई कनेक्टर" लिहिलेलं असतं पण उघडून बघितलं तर केबल तीनच आणि प्रत्येकीला दोन दोन तोंडं. एका वायरला दोन तोंडं असली तरी वायर एकच असते ना, ३०९० सारख्या कार्डाला एकाच केबलची दोन्ही तोंडं लावली की ती वायर आणि सप्लायकडचा प्लग तापतो. नियम साधा ठेवा, जड कार्डाच्या प्रत्येक भोकाला स्वतंत्र केबल. १७० वॅटच्या कार्डाला बहुतेक वेळा एकच भोक असतं, तिथं काही काळजी नाही.

प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला सारखी, पण वायरिंग उलटं असतं. प्रोसेसरवाली चार-चार अशी फुटते, कार्डवाली सहा-दोन. बसत नसली की ती तिथली नाही, जोर करू नका.

आता सगळ्यात महागाची चूक. मॉड्युलर सप्लायच्या, म्हणजे केबल काढता-घालता येतात त्याच्या, केबल एकमेकांना चालत नाहीत. कार्डाकडचं तोंड सारखं असतं, सप्लायकडच्या पिना प्रत्येक कंपनी आपल्या मनानं लावते. एवढंच काय, कोर्सेअरच्या टाइप ३ आणि टाइप ४ मध्येसुद्धा मदरबोर्डच्या केबलचा फरक आहे. जुना सप्लाय काढला, केबल तशाच आत ठेवल्या आणि नवीन सप्लायला खोचल्या की हार्डडिस्कच्या पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊ शकतात. "लेका केबल तर सेमच दिसत्यात" म्हणणाऱ्या एका मित्राची दोन टीबीची डिस्क अशीच गेली, त्यात घरातल्या बारशाचे फोटो होते. नवीन सप्लाय म्हणजे नवीन केबल, जुन्या पिशवीत भरून वर नाव लिहून ठेवा.

साटाच्या (हार्डडिस्कच्या) केबलपासून कार्डाची केबल करणारे जे स्वस्तातले कन्व्हर्टर मिळतात ते तर हातातच घेऊ नका. साटाच्या प्लगची १२ व्होल्टची ताकद ५४ वॅट, त्यावरून तुम्ही ७५ नाहीतर १५० काढायला बघताय, प्लास्टिक वितळणारच.

बारा अधिक चार पिनांचा प्लग असेल तर तो पूर्ण आत गेलाय का हे टॉर्च लावून बघा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ४०९० चे प्लग जळाल्याचे फोटो आले त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत प्लग अर्धवट बसलेला सापडला. प्लगपासून लगेच वायर वाकवू नका, तीन-चार सेंटीमीटर सरळ जाऊ द्या. म्हणजे कॅबिनेटची काच लागते का नाही तेही आधीच मोजायला लागतंय. तसंच बाराशेच्या वरचे सप्लाय लांबीला जास्त असतात, खाली हार्डडिस्कचा पिंजरा असेल तर मधे येतो, टेप घेऊन मोजा.

काही मदरबोर्डवर स्लॉटच्या जवळ एक जादा पॉवरचा प्लग असतो, मॅन्युअलमध्ये बघा. तो दोन-तीन कार्डं लावणाऱ्यांसाठीच दिलेला आहे, कारण दोन्ही स्लॉटची वीज नाहीतर २४ पिनांच्या केबलवरूनच यायची. असेल तर लावा.

दोन छोटे एसएमपीएस जोडून काम भागवायचं का, असंही विचारतात. मायनिंगवाले करायचे. होतं, पण एकच कार्ड अर्धं या सप्लायवर आणि अर्धं त्या सप्लायवर असलं काही झालं तर बोर्ड जातो. नवीन माणसानं यात पडू नये एवढंच सांगतो.

आता भिंतीकडं बघा

यूट्यूबवर सगळं ऐकून झालं तरी हे कोण सांगत नाही, कारण ते बोलणारे बहुतेक अमेरिकेतले. त्यांच्याकडं १२० व्होल्ट, १६०० वॅटचा सप्लाय साध्या प्लगवर त्यांना झेपत नाही. आपल्याकडं २३० व्होल्ट म्हणजे आपण त्यात सुखी. पण त्यांच्याकडं अर्थिंगची बोंब नसते.

हिशेब असा. सप्लायवरचा आकडा तो पीसीला देतो त्याचा, भिंतीतून तो जास्त घेतो. ९३२ वॅट द्यायचे तर ९० टक्के कार्यक्षमतेनं भिंतीतून साधारण १०३५ येणार, २३० नं भागा, साडेचार अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर कागदावर बसतंय, पण मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यातलं तीस वर्षांपूर्वीचं वायरिंग आणि सैल झालेलं सॉकेट आठ तास साडेचार अँपिअरवर ठेवून बघा, बोर्ड हाताला गरम लागतो. हजारच्या पुढं लोड असेल तर गीझरला असतो तसला १६ अँपिअरचा पॉइंट वायरमनकडून काढून घ्या, एमसीबीपासून वेगळी वायर टाकून. १६०० च्या बऱ्याच सप्लायना तर वायरच जाड, सी-१९ नावाच्या मोठ्या तोंडाची येते, तिच्या जागी जुनी वायर चालत नाही. एक्स्टेंशन बोर्डवर मोबाइल चार्जर, मॉनिटर आणि हा राक्षस एकत्र नको.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडी वीज बॉडीवर येते, अर्थिंग असलं की ती जमिनीत जाते, नसलं की तुमच्या बोटात. वायरमनला मीटर लावून फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजायला सांगा. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. कोळसा-मिठाचा जुना खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडतो, आमच्या घरी आजोबा त्यात बादलीभर पाणी ओतायचे, तेव्हा हसायचो, आता मीच ओततोय.

व्होल्टेज कमी-जास्त होतंय म्हणून स्टॅबिलायझर घ्यायची गरज सहसा नाही. चांगल्या सप्लायच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे गावाकडं मोटारीच्या वेळेत १७० वर आलं तरी तो चालतो. २००-२४० लिहिलेला असेल तर मात्र विचार करा.

यूपीएस. घरात असतो तो ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॅटचा असतो, त्याला हा पीसी जोडला की लाइट गेल्या क्षणी तोही किंचाळून बंद. व्हीएचा आकडा विसरा, वॅटचा बघा. माझ्यासारख्या पीसीला २ केव्हीएच्या आसपासचा लागतो आणि तो प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्यासारखी गुळगुळीत लाट देणारा, पाहिजे, कारण चौकोनी वेव्हवर ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून करंट नीट ओढायचं सर्किट) असलेले काही सप्लाय यूपीएसवर जाता जाताच बंद पडतात. बॅटरी पाच-दहा मिनिटं टिकली तरी खूप झालं, काम सेव्ह करून बंद करायला. घरच्या इन्व्हर्टरवर हा पीसी टाकू नका, पंखे-लाइटसाठी आहे तो. आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नका, २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं ते आठवा.

एवढ्या मोठ्या यूपीएसला पैसे नसतील तर एक युक्ती सांगतो. ब्लेंडरमध्ये थेट व्हिडिओ फाइल काढू नका, एकेक फ्रेमचा फोटो काढायला लावा आणि शेवटी जोडा. पावसाळ्यात रात्री लाइट गेली तर एकच फ्रेम वाया जाते, लाइट आली की पुढून सुरू.

लावल्यावर

लगेच कामाला जुंपू नका. आधी एकच कार्ड लावून अर्धा तास, मग दुसरं कार्ड लावून अर्धा तास. ओसीसीटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर टेस्ट असते, ती प्रोसेसर आणि कार्डं एकाच वेळी पळवते. शेजारी एचडब्ल्यूइन्फो (पीसीचे आतले आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून १२ व्होल्टचा आकडा बघत बसा, लोडवर ११.८, ११.९ दिसला तर छान, ११.४ च्या खाली गेला तर टेस्ट थांबवा. मधेच टक् करून बंद पडलं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" दिसेल, त्याचा अर्थ फक्त एवढाच की वीज अचानक तुटली, ते बघून लगेच फॉरमॅट मारायला कुणाकडं जाऊ नका. पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून परत टेस्ट लावा. आता चालला तर सप्लाय कमी पडतोय किंवा एखादी केबल दुहेरी लावलीय. तरीही बंद पडला तर मग रॅम वगैरे बघा.

टेस्ट संपत आली की कॅबिनेटची बाजू उघडून कार्डाकडच्या आणि सप्लायकडच्या प्लगच्या प्लास्टिकला बोट लावा, मग भिंतीतल्या सॉकेटला. कोमट चालतं. बोट ठेवता येत नसेल तर बटण बंद करा आणि आधी तो प्लग काढून परत बसवा.